पावसाळ्याआधी ज्याने त्याने आपली गाडी उघडायची : भोसरीतला रविवार

घाटमाथा :

मंडळी, मृग लागायच्या आत एक अख्खा रविवार गाड्यांसाठी काढायचा असं बरेच दिवस नुसतं चाललं होतं, ते आता नक्की ठरलंय. जागा भोसरी एमआयडीसीतली एक फॅब्रिकेशनची शेड, मालक आपल्यातलेच आहेत. शेडला सुट्टी खरं तर गुरुवारी असते पण आपल्यातल्या निम्म्यांना गुरुवार जमणं शक्य नाही म्हणून त्यांनी रविवारी मागची बाजू मोकळी करून द्यायचं कबूल केलंय. वर पत्रा, खाली कोबा, कॉम्प्रेसरची हवा, दोन व्हाइस आणि पाण्याचा नळ, एवढं असल्यावर अजून काय पाहिजे.

नियम एकच आणि तो आधीच सांगून टाकतो. ज्याची गाडी त्याच्याच हातात पाना. शेजारचा सांगेल, दाखवेल, बॅटरी धरेल, पण बोल्ट मालकानेच सोडायचा आणि मालकानेच आवळायचा. असे मेळावे मी बघितलेत जिथे दोन जाणकार लोक दिवसभर घाम गाळतात आणि बाकीचे वडापाव खात फोटो काढतात, संध्याकाळी गाड्या चकाचक होतात पण मागच्या ॲक्सलचं नट कितीच्या पान्याचं आहे ते मालकाला माहीत नसतं, आणि मग ताम्हिणी घाटात वरून धो धो चालू असताना क्लच केबल सैल झाली की तोच माणूस कडेला उभा राहून फोनला रेंज शोधतो. पैसे वाचवणं हा हेतूच नाही, ऑइल, फिल्टर, वायसर, ब्रेक फ्लुइड सगळं धरलं तर फार काही वाचतही नाही. आपल्या गाडीत कुठे काय आहे आणि ते धड असताना कसं दिसतं, कसं हाताला लागतं, एवढं कळलं तरी दिवस सार्थकी लागला असं मी म्हणेन.

कामं फक्त अशी घ्यायची की त्याच संध्याकाळी गाडी चालवत घरी जाईल. ऑइल, एअर फिल्टर, प्लग, चेन साफ करून ताण बघणं, ब्रेक पॅड किंवा लायनर, ब्रेक फ्लुइड, केबली, आणि ज्यांना हवंय त्यांना टपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावणं. इंजिन उघडणं, क्लच प्लेट, कोनसेट (हँडलचे बेअरिंग), फोर्कचे ऑइल सील यातलं काही नाही. एका गाडीला दोन कामं, फार तर तीन. सगळंच करायला गेलं की काहीच नीट होत नाही.

सामान ज्याचं त्याने आणायचं. ऑइल घेताना डब्यावर जासो (मोटारसायकलच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलंय का ते बघा, मोटारसायकलचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असले की क्लच घसरायला लागतो. स्कूटरवाल्यांचं वेगळं, त्यांना एमबी चालतं. ग्रेड पुस्तकात बघा, दुकानदाराला विचारू नका. ड्रेन बोल्टचं वायसर नवीन आणा. जुने सुती कपडे भरपूर आणा. आणि ओनर्स मॅन्युअल आणाच, हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या साईटवर फुकट मिळतं, मोबाईलवर उतरवून घ्या.

कोण कोण येतंय ते खाली लिहा, गाडी आणि काम सकट.

जुनी_बुलेट :

मी येतोय. ओतीव इंजिनची बुलेट ३५०, ठिणगीसाठी जुने कॉन्टॅक्ट पॉइंट असलेली. पॉइंट साफ करून गॅप लावायचाय आणि टपेट. टपेट कोणी शिकवेल का, आजवर प्रत्येक वेळी मिस्त्रींनीच केलंय, मी बाजूला उभा असतो पण ते इतकं भराभर करतात की काय केलं तेच समजत नाही.

घाटमाथा :

नक्की या. तुमच्या इंजिनला पुशरॉडवरच, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरच, ॲडजस्टर आहे त्यामुळे शिकायला त्यापेक्षा चांगलं इंजिन नाही, सगळं डोळ्यासमोर दिसतं. एक करा, गाडी शनिवारी रात्रीच शेडवर आणून ठेवा. टपेट पूर्ण थंड इंजिनवरच बघायचं असतं, सकाळी चालवत आलात तर दुपारपर्यंत थांबावं लागेल.

नाशिककर :

यूसीई (बुलेटच्या ओतीव इंजिननंतरचं नवं इंजिन) क्लासिक आहे, माझंपण टपेट होईल का? नाशिकहून सकाळी निघून येऊ शकतो.

जुनी_बुलेट :

नाशिककर, तुमच्या यूसीईला हायड्रॉलिक टपेट आहे, त्यात ॲडजस्ट करायला काही ठेवलेलंच नाही. ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलत राहणं एवढंच आपल्या हातात. या पण, चेन आणि ब्रेकचं काम करून जा. आणि सातपूरला तापडियाचे पाने बनतात म्हटल्यावर एक चांगला रिंग पान्यांचा सेट तुमच्याकडूनच अपेक्षित आहे 🙂

नाशिककर :

सेट आहे, आणतो. ६ पासून २२ पर्यंत.

पेठेतला :

कल्पना चांगली आहे पण एक मनात आलं ते लिहितो, राग नसावा. आपल्या कोपऱ्या-कोपऱ्यावर जे छोटे गॅरेजवाले आहेत त्यांचं पोट यावरच आहे. ऑइल बदलणं, चेन, ब्रेक, हीच त्यांची रोजची कामं. मोठी कामं तशीही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. आपण नोकरदार माणसांनी हौस म्हणून हे करायला घेतलं तर त्यांनी काय करायचं? बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम आल्यापासून त्यांची आधीच पंचाईत झालीये, २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीला स्कॅनर लागतो, तो घ्यायचा कुठून.

घाटमाथा :

राग कसला, बरोबर मुद्दा आहे आणि आम्ही यावर बोललोय. त्या दिवशी आपल्याबरोबर एक जुने मिस्त्री येणार आहेत, दिवसाचे पैसे ठरवून, सगळ्यांनी वाटून द्यायचे. ते स्वतः पाना हातात घेणार नाहीत, फक्त फिरत राहणार आणि चुकतंय तिथे थांबवणार. त्यांना मी विचारलं की तुमचं नुकसान होईल का, तर ते म्हणाले की ज्याला गाडी कळते तेच गिऱ्हाईक चांगलं, त्याला सांगितलेलं पटतं आणि तो पन्नास रुपयांसाठी घासाघीस करत नाही. उलट ज्याला काही कळत नाही तो गाडी पूर्ण झिजवून आणतो आणि बिल बघून भांडतो. मला हे शंभर टक्के पटतं. टपेट एकदा स्वतः लावून बघितलं की त्या कामाला काय कसब लागतं ते कळतं आणि पुढच्या वेळी मिस्त्रींना पैसे देताना हात आखडत नाही.

पेठेतला :

मिस्त्री असतील तर माझी काही हरकत नाही. मग मीपण येतो. पल्सर १५०, दोन्ही प्लग बदलायचेत, एकच प्लग दिसतो आणि दुसरा कुठे आहे ते आजवर मीच शोधलेलं नाही.

घाटमाथा :

दुसरा इंजिनच्या डोक्याच्या दुसऱ्या बाजूला असतो. दोन्ही एकदमच बदला. प्लग हाताने फिरवत बसवायचा, पान्याने नाही, पूर्ण टेकेपर्यंत बोटांनीच. नवीन असेल तर टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा, जुनाच परत लावत असाल तर पाव फेरा सुद्धा पुरतो. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं, तिरका बसवून जोर लावला की आटे गेलेच.

चंदेरी_एफझेड :

मी कधीच काही उघडलेलं नाही. गाडी दहा वर्षं रोज चालवते, घाटातसुद्धा, पण टूलकिट सीटखाली अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. आले तर चालेल का? आणि बाकी सगळे पुरुषच असतील तर मला आधी सांगा, मी मैत्रिणीला घेऊन येईन.

घाटमाथा :

ताई, तुमच्यासारख्यांसाठीच हे आहे. मैत्रिणीलाही आणा, आधीच दोन बायका नाव देऊन गेल्यात. आणि कोणी तुमच्या हातातून पाना घ्यायला लागलं तर सरळ नाही म्हणा, नियम तुमच्या बाजूने आहे.

उद्यमनगर :

लई भारी उपक्रम भावांनो. आमच्याकडं कोल्हापुरात अशी पद्धत पूर्वीपासनं आहे, तालमीच्या पोरांच्यात एकाची गाडी बसली की गल्लीतली चार पोरं जमायचीच. पण घाटमाथा म्हणतात तसंच व्हायचं, करणारा एकच आणि बघणारे चार. एक सांगतो, ड्रेन बोल्टचं. उद्यमनगरात लेथवर माझा निम्मा दिवस दुसऱ्यांनी घालवलेले आटे दुरुस्त करण्यात जातो. बोल्ट लोखंडी, चेंबर ॲल्युमिनियमचं. लोकं काय करतात, ऑइल गळायला नको म्हणून पान्यावर पाय देऊन आवळतात. गळती थांबवतंय ते वायसर, जोर नाही. वायसर नवीन असलं की थोडक्यात काम होतंय. टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लावला ते दाखवणारा पाना, मिळाला तर वापरा, पुस्तकात आकडा दिलेला असतोय, छोट्या गाड्यांना साधारण २० ते ३० न्यूटन मीटर, म्हणजे आपल्याला वाटतंय त्याच्यापेक्षा बराच कमी. टॉर्क पाना नसंल तर रिंग पान्याला मनगटानं आवळा, खांद्यानं नको. आणि बोल्ट बसवताना पहिले तीन-चार फेरे बोटानंच फिरले पाहिजेत, फिरत नसंल तर थांबा, काढा, पुसा, परत लावा.

घाटमाथा :

हे मी प्रिंट काढून शेडमध्ये लावणार आहे. धन्यवाद.

वेंगुर्लेकर :

रविवारी येऊक जमणार नाही, लांब पडतं. पण पावसाळ्याआधी म्हणताय तर किनाऱ्यावरच्या माणसाचं एक ऐका. आमच्याकडे खारी हवा, चेनीला आठवड्यात तांबेरा चढतो आणि पाऊस सुरू झाला की तांबडा चिखल. तो ओला असताना नुसता चिखल वाटतो पण त्यात बारीक कच असते आणि ती चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही खाते. लोक चेन धुतात आणि लगेच त्यावर ऑइल ओततात. आधी पूर्ण कोरडी होऊ द्या. ऑइल आतल्या बाजूने लावा, चाक फिरलं की ते आपोआप बाहेरच्या बाजूला जातं. जास्तीचं पुसून टाका, वर राहिलेलं ऑइल चिखलच धरून ठेवतं.

पेठेतला :

चेन साफ करायला रॉकेल कुठून आणायचं? रेशनवर तर केव्हाच बंद झालंय. पेट्रोल चालेल?

घाटमाथा :

पेट्रोल नको. एक तर शेडमध्ये वेल्डिंगचं सामान आहे, आणि दुसरं म्हणजे ओ-रिंगवाल्या चेनीचे रबर पेट्रोलने आणि तारेच्या ब्रशने खराब होतात, आत कंपनीने भरलेलं ग्रीस निघून जातं आणि मग चेन लवकर जाते. चेन क्लीनर मिळतो तो आणा, नाही तर डिझेल आणि नरम ब्रश, नंतर पुसून कोरडी करायची. स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर जुना कपडा झाका, डिस्कवर तेल उडालं तर घरी जाताना ब्रेक लागणार नाही.

आणि हे सगळ्यांनी वाचा. चेन साफ करताना इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं. काही लोक सेंटर स्टँडवर पहिल्या गिअरमध्ये गाडी चालू ठेवून चेनीला कपडा धरतात. कपडा चेनीत अडकतो, कपड्याबरोबर बोट स्प्रॉकेटमध्ये जातं आणि बोट तुटतं. हे कुणी करताना दिसलं तर त्याची गाडी त्या दिवशी शेडबाहेर. यात मी कोणाचं ऐकणार नाही.

स्टुटगार्टहून :

वाचून छान वाटलं. इकडे तासावर भाड्याने वर्कशॉप मिळतं, लिफ्ट, पाने, सगळं असतं, आपली गाडी घेऊन जायची आणि आपणच काम करायचं, अडलं तर तिथला मेकॅनिक सांगतो. मोटारसायकलला दर २ वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते, तेव्हा टायर, ब्रेक, स्टिअरिंगचा खेळ सगळं बघतात, म्हणून लोक तारखेच्या आधी अशा वर्कशॉपमध्ये गर्दी करतात. विचारायचं होतं की काढलेल्या ऑइलचं तुम्ही काय करणार? इकडे ज्या दुकानातून नवीन ऑइल घेतलं त्याला तेवढंच जुनं परत घ्यावंच लागतं, कायदा आहे.

घाटमाथा :

चांगलं विचारलंत. आपल्याकडेही वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांत स्पष्ट आहे आणि ते अधिकृत रिफायनरवाल्यालाच द्यायचं असतं. पण साध्या माणसाला ते देणार कुठे हे कुणी सांगत नाही, म्हणून गटारात जातं, नाही तर मातीत. शेडच्या मालकांकडे मशीनचं ऑइल निघतंच, त्यांचा अधिकृत माणूस येऊन घेऊन जातो, त्याच बॅरलमध्ये आपलं जाईल. ब्रेक फ्लुइड आणि डिझेल मात्र त्यात मिसळायचं नाही, त्याला वेगळे डबे ठेवलेत. कोबा खराब झाला तर लाकडाचा भुसा आहे, टाकायचा, झाडून घ्यायचा, पाणी मारायचं नाही.

आरएक्स१०० :

टू स्ट्रोकवाल्यांना प्रवेश आहे का? एस्कॉर्ट्सच्या काळातली यामाहा आहे, वडिलांनी घेतलेली. सायलेन्सरच्या आतली नळी काढून कार्बन काढायचाय, पिकअप पार गेलंय. आणि कार्बोरेटरच्या रबरांचं कोणाला माहिती आहे का, हल्लीच्या पेट्रोलने फुगतात असं वाटतंय.

जुनी_बुलेट :

प्रवेश काय, पायघड्या घालू. नळी शेपटाकडच्या एका स्क्रूवर असते, जुन्या गाड्यांत तो स्क्रू गंजून बसलेला असतो, आदल्या दिवशीच त्यावर डब्ल्यूडी फॉर्टी, तो गंज सोडवणारा स्प्रे, मारून ठेवा. रबरांचं म्हणाल तर पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि आपल्या गाड्या बनल्या तेव्हा कुणी त्याचा विचार केला नव्हता. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. महिनाभर गाडी उभी ठेवणार असाल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि फ्लोट चेंबरचा खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाका. पेट्रोलचा पाइप कडक झाला असेल तर बदलूनच टाका, स्वस्त असतो.

आरएक्स१०० :

धन्यवाद दादा. नाना पेठेत शनिवारी जाऊन पाइप आणि गॅस्केट घेऊन येतो. आणखी कुणाला काही आणायचंय का?

नाशिककर :

४२८ मापाच्या चेनचं लॉक (जोडकडी) एक, एक्स्ट्रा.

चंदेरी_एफझेड :

पुढच्या ब्रेकचे पॅड. मॉडेल व्यक्तिगत निरोपात कळवते.

घाटमाथा :

बीएस-६ वाले विचारतायत त्यांच्यासाठी. ऑइल, चेन, पॅड, फिल्टर तुम्हीही करू शकता, सेन्सरच्या पिना उगाच काढू नका, प्रेशरचं पाणी वायरिंगवर मारू नका. एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक) असेल तर फ्लुइड बदलता येतं पण वरची टाकी एकदाही रिकामी होता कामा नये, हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर ती काढायला कधीकधी कंपनीचा स्कॅनरच लागतो. वॉरंटीत असलेल्या गाडीला फक्त चेन आणि केबल, बाकी काही हात लावू नका, नंतर क्लेम नाकारायला निमित्त नको.

घाटमाथा :

झाला रविवार. सविस्तर लिहितो, लांबेल.

सकाळी मिस्त्री सगळ्यांच्या आधी हजर. त्यांनी आल्या आल्या प्रत्येकाला स्वतःची गाडी स्टँडवर लावून पुढचं-मागचं चाक हाताने फिरवायला सांगितलं आणि कान द्यायला सांगितलं. नुसतं एवढंच, पाना कुणी काढायचा नाही. चाक कुठे घासतंय, कुठे अडतंय, चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबतेय का. पहिला अर्धा-पाऊण तास यातच गेला आणि मला वाटतं दिवसातला सगळ्यात कामाचा वेळ तोच होता, कारण निम्म्या लोकांची कामाची यादी तिथेच बदलली.

बुलेटचं टपेट बघायला सगळे गोळा झाले. प्लग काढला, टॉप गिअर टाकला, सेंटर स्टँडवर मागचं चाक हळूहळू फिरवत प्लगच्या भोकावर अंगठा. अंगठ्याखाली हवा दाबायला लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मग उजव्या बाजूचं टपेटचं झाकण काढलं. पुशरॉड बोटांत धरून फिरवायचा, सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. जुनी_बुलेट यांचा एक्झॉस्टचा फिरतच नव्हता, घट्ट बसलेला. मिस्त्रींनी विचारलं, आवाज येतो म्हणून कुठे आवळून घेतलंत का, तर खरंच एका गॅरेजमध्ये टकटक येते म्हणून कमी करून दिलं होतं. टपेट घट्ट असलं की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, बसला नाही की त्याची उष्णता सीटमध्ये जात नाही आणि तो जळतो. थोडं वाजणारं टपेट परवडलं, मुकं नको, असं मिस्त्री म्हणाले. तीन पाने एका वेळी धरायला लागतात, एक स्टेमला, एक लॉक नटला, एक ॲडजस्टरला, आणि लॉक नट आवळताना सेटिंग हलतंच. जुनी_बुलेट यांनी ते परत परत केलं, घाम फुटला, पण शेवटी स्वतः लावलं. मध्ये दोघांनी हात पुढे केला होता, मिस्त्रींनीच त्यांना मागे ओढलं. नंतर पॉइंटला फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून ०.३५ ते ०.४० मिमीच्या मध्ये गॅप बसवला. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली.

बाकी ऑइल, प्लग, फिल्टर सुरळीत पार पडलं. कागदी फिल्टर कुणीतरी धुवायला निघालं होतं, थांबवलं. कागदी असेल तर आतून बाहेर हवा मारायची, पाणी लावायचं नाही, फोमचा असेल तर तो धुता येतो. स्प्लेंडरवाल्यांसाठी, ऑइलची डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून बसवायची नाही, तरच लेव्हल खरी कळते. नाशिककरांची चेन ॲडजस्ट करताना दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या दिसत होत्या पण चाक किंचित तिरकं होतं, दोरी लावून बघितल्यावर कळलं. खुणांवर डोळे झाकून विश्वास नको. आणि ४२८ च्या लॉकची क्लिप, तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला, म्हणजे वरच्या बाजूला असताना इंजिनकडे. उलटी लावली तर काही लागून ती निघू शकते.

चंदेरी_एफझेड ताईंचं त्यांनीच लिहावं.

चंदेरी_एफझेड :

लिहिते. गाडी नुकतीच सर्व्हिस करून आणली होती, बिलावर ब्रेक तपासले असं लिहिलेलं होतं, म्हणून मी फक्त शिकायचं म्हणून पॅड काढणार होते. कॅलिपरचे, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे, दोन बोल्ट सोडले, पॅड हातात आले, तर एका बाजूचा पॅड चांगला निम्मा शिल्लक आणि दुसऱ्या बाजूचा जवळजवळ पत्र्याला आलेला. मला वाटलं पॅडच खराब निघाला. मिस्त्रीकाका आले आणि म्हणाले पॅडकडे बघू नका, पिन बघा. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, त्यातली एक गंजून जाम झाली होती. पिस्टन एका बाजूने दाबतो आणि कॅलिपर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड डिस्कवर आणतो, सरकायलाच जागा नाही म्हटल्यावर सगळा भार पिस्टनच्या बाजूच्या पॅडवर. नुसते नवीन पॅड टाकले असते तर काही महिन्यांत परत तेच झालं असतं.

पिन काढायला वेळ लागला. बारीक पॉलिश पेपरने साफ केली, रबराचे बूट फाटलेले नव्हते ते नशीब, ब्रेकचं वेगळं ग्रीस लावलं, साधं ग्रीस चालत नाही कारण रबर फुगतं. मग कॅलिपर हाताने ढकलून बघितला, अंगठ्याने सरकला. पिस्टन आत ढकलताना वरच्या टाकीत फ्लुइड चढतं, तिकडे मैत्रीण लक्ष ठेवून होती, ब्रेक फ्लुइड रंगावर सांडलं तर रंग उचलतं म्हणून टाकीवर ओलं फडकं टाकलं होतं. नंतर फ्लुइडपण बदललं. लिव्हर दाबून धरायचा, खाली निपल सोडायचं, परत आवळायचं, मगच लिव्हर सोडायचा. सुरुवातीला कोऱ्या चहाच्या रंगाचं येत होतं, हळूहळू स्वच्छ यायला लागलं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग घाटात सारखा ब्रेक दाबला की आत वाफ होते, लिव्हर पोकळ लागतो. वरंधा घाटात माझा लिव्हर मऊ व्हायचा तो का ते आत्ता कळलं. पॅड बसवल्यावर निघायच्या आधी लिव्हर दाबून दाबून कडक करायचा, पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. येताना गाडी एका बोटावर थांबत होती.

बिलावर तपासले लिहिलेलं असतं त्यावर मी आता विसंबणार नाही. पॅड किती उरलाय ते कॅलिपरमध्ये बॅटरी मारून दिसतं, काही उघडावं लागत नाही, पण दोन्ही बाजूचे बघायचे, पुढून एक आणि मागून एक.

वेंगुर्लेकर :

ताई, उत्तम लिहिलंय. आमच्याकडे खाऱ्या हवेत त्या पिना दर पावसाळ्याआधी साफ कराव्याच लागतात. मागच्या ड्रमच्या लायनरचंपण तसंच, कॅम जाम होतो. ड्रम उघडला की आतली पूड हवेने उडवू नका हो, नाकात जाते, जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचा. ओल्या फडक्याने पुसा.

पेठेतला :

दुसरा प्लग सापडला. बदलला. एक सांगतो, मिस्त्रींनी जाताना मला विचारलं की तुमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला पुढच्या वेळी आणता का, त्यालाही थोडी नवी कामं बघायला मिळतील. मी त्याच्याशी बोललोय, तो खंडेनवमीच्या आधी एक दिवस द्यायला तयार आहे.

घाटमाथा :

वा, हे फार चांगलं झालं. मग पुढचा नवरात्रात ठेवू. हत्यारांची पूजा करायची तर आदल्या रविवारी ती वापरलेली असली पाहिजेत.

अजिंक्यतारा :

साताऱ्यात आम्ही पाच-सहा जण आहोत, कास आणि महाबळेश्वरच्या बाजूला सगळे फिरतो. शेड वगैरे काही नाही, एकाच्या वाड्यासमोर मोकळी जागा आहे. असं करायचं तर कमीत कमी काय लागेल? कॉम्प्रेसर नसला तर अडेल का?

घाटमाथा :

काही अडत नाही. कॉम्प्रेसर फक्त फिल्टरला वापरला, ते सायकलच्या पंपानेही होतं. ८ ते १९ रिंग पाने, टी पाना १०-१२-१४, प्लग पाना, ॲलन की, नोज प्लायर, फीलर गेज, एक टॉर्क पाना सगळ्यांत मिळून घ्या, ५ ते ५० न्यूटन मीटरच्या आसपासचा, कारवाल्यांचा मोठा छोट्या आकड्यांना बरोबर दाखवत नाही. सेंटर स्टँड नसलेल्या गाड्या येणार असतील तर पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा) कुणाकडून तरी मागून आणा, दगडावर गाडी चढवू नका. सावली पाहिजे, उन्हात पाने तापतात आणि माणसं घाई करतात. जुन्या ऑइलसाठी झाकणाचे कॅन आणि ते घेणारा अधिकृत माणूस आधी शोधून ठेवा, नसेल सापडत तर मला कळवा, इकडच्या बॅरलमध्ये टाकू. पहिल्या वेळी चारच गाड्या घ्या. एक मिस्त्री पैसे देऊन बोलवा, फुकट नको.

आणि ड्रेन बोल्टची वायसर शनिवारीच प्रत्येक गाडीची दोन-दोन आणून ठेवा, रविवारी स्पेअरची दुकानं बंद असतात.